पिशवीवरील तारीख

इसवी सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेने कोल्हापुरास जो वेढा दिला, त्याचे वर्णन आमच्या वाचकांनी त्या वेळी पुष्कळ वाचले असेल. ते पुन्हा करण्याचा आमचा विचार नाही. त्या वेढ्यात आमच्या दृष्टीस पडलेली एकच वस्तू येथे सांगावयाची आहे. ती म्हणजे रक्ताने भरलेली एक पिशवी, आणि विशेषतः तिच्यावर चिकटविलेला कागद.

नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. आमच्या शेजारच्या वाड्यातील सूनबाईंचे दिवस भरले होते. वास्तविक त्या माहेरी जावयाच्या. परंतु माहेर सांगलीस, आणि कृष्णेने सांगलीची जी अवस्था केली होती ती कोल्हापुराहून बरी नव्हती. यजमान पुण्यास नोकरीला. ते निघाले खरे, पण महामार्गावर पाणी आल्यामुळे कऱ्हाडाच्या पुढे त्यांस येता येईना. घरी सासूबाई आणि सत्तरी उलटलेले सासरे. शेजारधर्म म्हणून आम्ही त्यांच्यासोबत रुग्णालयात बसलो होतो. मूल सुखरूप झाले, पेढ्यांची भाषा निघाली, आणि अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “रक्तस्राव थांबत नाही. दोन पिशव्या लागतील, आत्ता.”

हातात चिठ्ठी आणि रक्ताच्या नमुन्याची नळी घेऊन आम्ही रक्तपेढीत गेलो. वाटेत एकच विचार मनात होता की, आता देणारा आणावा कोठून? सासऱ्यांचे वय उलटून गेलेले, आमचेही तेच; यजमान कऱ्हाडात अडकलेले; सूनबाईंचे भाऊ सांगलीत गच्चीवर. परंतु रक्तपेढीतील तरुणाने हा प्रश्न विचारलाच नाही. त्याने नळी घेतली, पाऊण तास बसावयास सांगितले, आणि जुळणी झाल्यावर बर्फाच्या डब्यात दोन पिशव्या ठेवून डबा आमच्या हाती दिला. झाकण लावण्यापूर्वी त्याने पिशवीवरील मजकूर मोठ्याने वाचून चिठ्ठीशी ताडून पाहिला. गट बी पॉझिटिव्ह. पिशवीचा क्रमांक अमुक. रक्त घेतल्याची तारीख १४ जुलै.

परतताना आम्ही मनाशी हिशेब केला. १४ जुलै म्हणजे रविवार. आषाढी नुकतीच होऊन गेलेली. त्या दिवशी महामार्ग मोकळा होता, सांगली कोरडी होती, आणि सूनबाई माहेरी जाण्याची तयारी करीत होत्या. त्या रविवारी कोणीतरी, बहुधा एखाद्या तालमीच्या किंवा मंडळाच्या शिबिरात, बाही वर सारून पडून राहिले, चहा-बिस्किट घेतले आणि घरी गेले. पिशवीवर त्याचे नाव नाही, नुसता क्रमांक. आमच्याकडे गुप्तदानाची थोरवी फार सांगतात. पण देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही, आणि देतेवेळी गरजही अजून उत्पन्न झालेली नाही, असे तिहेरी गुप्त दान आम्ही त्या डब्यात प्रथमच पाहिले.

कोल्हापूर हे गाव या बाबतीत विचार करावयास लावणारे आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि या सर्व नद्या सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यातून येतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांस पोहोचले की इशारा, ४३ फुटांस धोका. २०१९ साली ते ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत त्याहूनही वर. पाणी चढू लागले म्हणजे प्रथम गगनबावड्याची आणि रत्नागिरीची वाट जाते, आणि फारच झाले तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग. मग आठ-दहा लाखांच्या आसपासच्या या परिसरास जे काही औषध, दूध, रक्त लागेल, ते गावात असेल तेवढेच. जी गोष्ट पूर सावकाश, दोन दिवसांची सूचना देऊन करतो, तीच मोठा अपघात एका क्षणात करतो. रस्ते उघडे असतात, पण वेळ बंद झालेली असते. पुण्याहून रक्त यावयास चार-पाच तास लागतात. धमनी तुटलेल्या मनुष्याजवळ तितके तास नसतात.

असा प्रसंग कसा हाताळावा याचा पहिला व्यवस्थित विचार, आम्हांस वाटते, एका बाईने केला. तिचे नाव जेनेट व्हॉन. १९३९ च्या वसंतात लंडनवर बॉम्ब पडणार हे उघड दिसत होते, पण अद्याप एकही पडला नव्हता. रक्त नासू न देता साठविण्याची युक्ती तोवर जुनी झाली होती: १९१४ साली ब्रुसेल्सच्या हुस्टिन यांनी आणि ब्वेनोस आयरेसच्या अगोते यांनी सोडियम सायट्रेट घातले असता रक्त गोठत नाही हे दाखविले; १९१७ साली रॉबर्टसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर बर्फात रक्ताचा साठा केला; स्पेनच्या यादवीत १९३६ पासून बार्सेलोना व माद्रिद येथे बाटल्या भरून आघाडीकडे रवाना होत; आणि १९३७ साली शिकागोच्या फँटस यांनी अशा साठ्यास ‘पेढी’ हा शब्द लावला. व्हॉनबाईंनी स्पेनचा अनुभव वाचला, मित्रमंडळींस घरी बोलावून कागदावर आकडे मांडले, आणि शहरावर बॉम्ब पडेल तर रक्त शहराबाहेर असावे म्हणून लंडनच्या चहूंकडे चार केंद्रे आखली. बाटली कोणती? दुधाच्या बाटलीची कंबर थोडी बारीक करून घेतली. थंड गाडी कोणती? आइस्क्रीम विकणाऱ्यांच्या गाड्या. ही सर्व मांडणी पहिला बॉम्ब पडण्यापूर्वीची आहे, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. पुढे बॉम्ब पडले तेव्हा बाटल्या फडताळात तयार होत्या.

आता रुग्णालयाच्या आत काय घडते ते पाहू. ज्या गृहिणीस कोठीची व्यवस्था ठाऊक आहे, तिला रक्तपेढी समजावून सांगण्यास फार श्रम पडत नाहीत. एका मनुष्याने दिलेले साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर रक्त हल्ली तसेच ठेवीत नाहीत; त्याचे तीन जिन्नस करतात. प्लेटलेट म्हणजे आजचे दूध. ते साध्या खोलीच्या उष्णतेत सतत हलवीत ठेवावे लागते आणि पाच दिवसांत संपवावे लागते. तांबड्या पेशी म्हणजे महिन्याची भाजणी; दोन ते सहा अंशांच्या थंडीत पस्तीस दिवस, आणि विशेष द्रावण घातले तर बेचाळीस दिवस टिकते. गोठविलेला प्लाझ्मा म्हणजे वर्षाचे लोणचे. कोठीत जसा जुना जिन्नस आधी काढतात तसाच येथे जुनी पिशवी आधी. आणि जसे पाहुणे अचानक आले तर पुरावे म्हणून थोडे पीठ नेहमी बाजूस काढलेले असते, तसा येथेही हात न लावावयाचा एक खण असतो. ज्या पेढीत तो खण रोजच्या ओढीत रिकामा होतो, तिची मोठ्या संकटात फजिती ठरलेली.

अपघाताची वर्दी येते ती बहुधा मोघम असते. “बस उलटली, पुष्कळ लोक आहेत.” रक्तपेढीचा अधिकारी प्रथम साठा मोजतो, गटवार. मग शस्त्रक्रियागृहास निरोप जातो की, उद्यापर्यंत थांबू शकतील अशा शस्त्रक्रिया थांबवा. त्या रोग्यांसाठी जुळवून राखून ठेवलेल्या पिशव्या त्यामुळे एका झटक्यात मोकळ्या होतात. नवी पिशवी न मिळविता साठा वाढविण्याचा हा सर्वांत जलद मार्ग. त्यानंतर शहरातील इतर पेढ्यांकडे विचारणा. दाराशी डॉक्टर जखमींची विभागणी करतात. कोणाच्या मनगटास तांबडी चिठ्ठी, कोणाच्या पिवळी, कोणाच्या हिरवी. रक्त लागते ते प्रायः तांबडीवाल्यांस, आणि त्यांतही सर्वांस नव्हे. अमेरिकेतील रक्तपेढ्यांच्या संघटनेने अंदाजासाठी एक ठोकताळा दिला आहे की, रुग्णालयात प्रत्यक्ष दाखल होणाऱ्या जखमीमागे तांबड्या पेशींच्या तीन पिशव्या धराव्या. दाराशी शंभर आले आणि वीस दाखल झाले तर साठ. हा आकडा ऐकून आमच्याप्रमाणेच अनेक वाचकांस आश्चर्य वाटेल; कारण ‘शंभर जखमी’ हे शब्द कानी पडताच आपणांस रक्ताच्या नद्या दिसू लागतात.

किंबहुना काही संकटांत रक्ताचे काम फारच थोडे असते. २०१८ च्या प्रजासत्ताकदिनाच्या रात्री पुणे जिल्ह्यातील भाविकांची एक छोटी बस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली, तेरा माणसे गेली. गाव हळहळले, काठावरचे लोक धावले. पण बुडालेल्यास रक्त काय करणार? २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीस जी चेंगराचेंगरी झाली, तीत अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, ते प्रामुख्याने गुदमरून. मृतांच्या आकड्यावरून रक्ताची गरज ठरत नाही, हे जाणणारा मनुष्य त्या रात्री रक्तपेढीच्या दाराशी असला पाहिजे, नाहीतर गावभर ‘सर्व गटांचे रक्त पाहिजे’ असा ओरडा होतो आणि तो मग कोणास आवरत नाही.

खऱ्या गरजेत पाऊण तासाची जुळणीही थांबविता येत नाही. अशा वेळी प्रथम ओ गटाच्या तांबड्या पेशी देतात, कारण त्या प्रायः कोणत्याही गटास सोसतात. त्यांतही आर-एच निगेटिव्ह असलेल्या पिशव्या मुलींसाठी व मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी राखून ठेवतात. पुरुषास व वृद्धेस पॉझिटिव्ह चालवून घेतात. याचे कारण असे की, निगेटिव्ह स्त्रीस पॉझिटिव्ह रक्त मिळाले तर आज तिचे प्राण वाचतील, पण पुढे तिच्या पोटातील मुलावर तिच्याच रक्ताचा कोप होण्याचा संभव असतो. आपल्या देशात शंभरांत सुमारे पाचच लोक निगेटिव्ह, आणि ओ निगेटिव्ह तर दोघेही नाहीत. म्हणून हा गट असणाऱ्याने तो आपला दागिना समजू नये. ती गावाची ठेव आहे. आणि ओ गटाची पिशवी लावण्यापूर्वी रोग्याच्या रक्ताचा नमुना काढून ठेवावयाचा असतो, म्हणजे गट कळताच त्याच्या स्वतःच्या गटाचे रक्त सुरू करून ओ गट पुढच्यासाठी वाचविता येतो. घाईत हाच नमुना राहून जातो.

सर्वांत भयंकर चूक मात्र रक्ताची नसून नावाची असते. शुद्धीवर नसलेले जखमी येतात. दोघे ‘अनोळखी पुरुष, वय सुमारे ३०’. एकाची पिशवी दुसऱ्यास लागली तर अपघातातून वाचलेला मनुष्य रुग्णालयात मरावयाचा. म्हणून प्रत्येकास नाव न देता क्रमांक देतात व तोच मनगटावर, नळीवर आणि चिठ्ठीवर घालतात. आमच्या कोल्हापुरात तर शुद्धीवर असलेल्यांचाही भरवसा नाही. एका रात्री एकाच कक्षात तीन पाटील आणि त्यांतले दोघे संभाजी, हे येथे मुळीच नवल नव्हे.

ओ गट सर्वांस चालतो याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्याच प्रांतात सापडला आहे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. य. म. भेंडे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक गट प्रसिद्ध केला की, वरवर तो ओ गटासारखा दिसतो. परंतु त्यास ओ गटाचे रक्तही सोसत नाही, फक्त त्याच गटाचे चालते. जगभर तो ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. युरोपात त्याहून कितीतरी विरळ. मातापिता या दोघांकडूनही एकच दुर्मीळ अंश यावा लागतो, म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या कुळांत तो अधिक संभवतो. मामाची मुलगी करण्याची चाल आमच्या देशस्थ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली; तिच्याविषयी येथे वाद घालावयाचा नाही, पण अशा घरात एकाचा हा गट निघाला तर सर्व भावंडांची रक्ततपासणी करून घ्यावी, इतके सांगणे आमचे कर्तव्य आहे. ऐन रात्री त्या मनुष्याचा जीव त्याचा सख्खा भाऊ कोठे आहे यावर अवलंबून असतो.

आता रांगेविषयी. संकटाची वार्ता कानी येताच रक्त द्यावयास धावणे ही मोठी सुंदर गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी उणे लिहिताना लेखणी अडखळते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या आगगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा मुसळधार पावसाच्या दिवसांत रुग्णालयांपुढे अनोळखी लोक बाही सारून उभे राहिले. त्या शहरास कोणी हृदय नाही म्हणू नये. पण त्या रात्री जे वाचले ते रांगेच्या रक्ताने नव्हे, आधीच्या आठवड्यांत दिलेल्या रक्ताने. घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एच. आय. व्ही., कावीळ ब व क, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी व्हावी लागते. तिला काही तास जातात, आणि मग जिन्नस वेगळे करणे. रात्री दहा वाजता दिलेले रक्त रात्री अकराच्या जखमीस मिळत नाही. उलट, जी चार माणसे आत जखमींसाठी पिशव्या जुळवीत असावयाची, त्यांतली दोन बाहेर गर्दीची नावे लिहीत बसतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेचे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथील लोकांनी जखमींसाठी म्हणून सुमारे ४,७५,००० पिशव्या रक्त दिले. जखमींस प्रत्यक्ष लागल्या २५८. उरलेल्यांपैकी काही इतर रोग्यांच्या कामी आल्या. पण तांबड्या पेशी बेचाळीस दिवसांत शिळ्या होतात, त्यामुळे फार मोठा साठा फेकून द्यावा लागला. आणि ज्यांनी एकाच वेळी दिले, त्यांना पुढील आठ आठवडे पुन्हा देता येईना! एखाद्या घरी एकाच दिवशी शंभर लिटर दूध यावे आणि पुढे दोन महिने गवळी येऊ नये, असा तो प्रकार.

आमच्या घरीही हे घडलेले आहे. काही वर्षांपूर्वी महामार्गावर एक मोठा अपघात झाला, मोबाईलवर निरोप फिरू लागले, आणि आमचे दोन पुतणे मध्यरात्री मोटारसायकलवरून रक्त द्यावयास गेले. तेथील बाईंनी त्यांची नावे लिहून घेतली आणि सांगितले, “आज पुरेसे आहे. तीन आठवड्यांनी या, तेव्हा खरी गरज पडेल.” मुले रागावून परत आली. आम्हीही त्यांचीच बाजू घेतली, सरकारी तऱ्हा म्हणून चार शब्द बोललो, आणि तीन आठवड्यांनी कोणीही गेले नाही. त्या बाईंचे म्हणणे किती बरोबर होते, हे समजावयास आम्हांस त्या पुराची आणि त्या कागदावरील तारखेची वाट पाहावी लागली.

पूर्वी ही उणीव पैशाने भरून काढीत. रक्त विकणारे लोक रुग्णालयांच्या आसपास असत. गरिबी व व्यसन यांपायी महिन्यातून अनेकदा रक्त विकीत, आणि त्यासोबत रोगही. १९५४ पासून मुंबईत श्रीमती लीला मुळगावकर यांनी स्वेच्छेने रक्त देण्याची चळवळ घरोघर, कारखानोकारखानी नेली. तथापि विक्री पुरती थांबली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने, आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद आहे. त्यानंतर राहिली ती ‘बदली’ची पद्धत: तुमच्या रोग्यास रक्त दिले, तुम्ही नातलगांचे आणून द्या. ही पद्धत रोजच्या दिवसांत कशीबशी चालते. मोठ्या अपघातात ती उभीच राहू शकत नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे नातलग कोठून आणणार?

महाराष्ट्र रक्तसंकलनात देशात पुढे आहे, हे खरे आणि अभिमानास्पद आहे. परंतु आमचे दान सणासारखे येते. शिवजयंती, गणेशोत्सव, पुढाऱ्यांचे वाढदिवस. एका दिवशी मांडवात शेकडो पिशव्या. मग परीक्षा, उन्हाळ्याची सुटी, दिवाळी. महाविद्यालये ओस, मंडळी गावी, आणि पेढीचे फडताळ रिकामे. मे महिन्यात घाटातल्या अपघातांस मात्र सुटी नसते. वाढदिवस जरूर साजरे करावे, पण सर्व पुढाऱ्यांनी एकाच पंधरवड्यात जन्मास येऊ नये अशी व्यवस्था करता येत नाही, तोवर शिबिरे वाटून घेण्यास काय हरकत आहे, हे आम्हांस समजत नाही.

एकत्र कुटुंबास या कामी जी सोय आहे, ती एकट्या बिऱ्हाडास नाही. वय अठरा ते पासष्ट, वजन पंचेचाळीस किलोंच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, आणि मोठा आजार नसलेला. पुरुषास तीन महिन्यांनी, स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा देता येते. पुराच्या त्या वर्षी आम्ही घरी हिशेब केला: तीन पुरुष व तीन स्त्रिया असे सहा जण या मापात बसतील. प्रत्येकाने वर्षातून दोनदाच दिले तरी बारा पिशव्या. म्हणजे कोणताही महिना मोकळा नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी दिनदर्शिका टांगलेली असते, दुधाचा व गॅसचा हिशेब जीवर लिहितात, तिच्यावर प्रत्येक महिन्यापुढे एकेक नाव घातले. पुतण्यांस मे आणि नोव्हेंबर ठरवून दिले; मध्यरात्रीच्या त्या फेरीची तेवढी भरपाई त्यांच्याकडे निघत होती.

प्रथम अडथळा आला तो आम्ही कल्पिला नव्हता. तिघी स्त्रियांपैकी दोघींना पेढीतून परत पाठविले. रक्त कमी. धाकट्या वहिनींचे हिमोग्लोबिन दहा भरले, थोरल्या सूनबाईंचे साडेअकरा. त्या दोघीही दिवसभर हिंडत्याफिरत्या, कोणी त्यांस आजारी म्हटले नसते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे आम्ही वाचले होते. ते आकडे आपल्या माजघरातले आहेत असे मात्र कधी वाटले नव्हते. शेवटच्या पंगतीस जे उरेल ते, एकादशी आणि चतुर्थी, जेवण होताच चहा (जो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही), असा हा क्रम. आणि हीच स्त्री बाळंतपणात रक्तस्राव झाला की रक्तपेढीची सर्वांत मोठी गिऱ्हाईक होते. म्हणजे आमच्या घरातील पंगतीचा क्रम रक्तपेढीस दोन्ही बाजूंनी नाडतो: एक पिशवी येत नाही आणि एक जास्त जाते. हे लक्षात येताच घरात थोडा वाद झाला. काकूंना तो आपल्या स्वयंपाकावरील ठपका वाटला, आणि दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनीच डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या लिहून आणविल्या, चहाची वेळ दीड तासाने पुढे ढकलली, आणि दुपारी स्त्रियांचे पान पुरुषांच्या पानांसोबत मांडावयास सुरुवात केली. कोणाच्या सांगण्यावरून, ते त्या सांगत नाहीत.

शेजारच्या वाड्यातील ते पुरातले मूल आता शाळेत जाते. त्याच्या वडिलांची पुण्याची नोकरी सुटली नाही, पण १४ जुलैस ते सवड काढून कोल्हापुरास येतात आणि पेढीत जाऊन येतात. त्यांचाही गट बी पॉझिटिव्हच. थोरल्या सूनबाईंना दुसऱ्या वर्षी पेढीने घेतले. धाकट्या वहिनींचा फेब्रुवारी मात्र दिनदर्शिकेवर दोन वर्षे कोराच होता. गेल्या माघात त्या तिसऱ्यांदा बोट टोचून घ्यावयास गेल्या. आकडा बारा पूर्णांक सहा आला. घरी येऊन त्यांनी काही बोलणे केले नाही. कोपरावरची पट्टी तशीच ठेवून त्या पोळ्या लाटावयास बसल्या, आणि काकूंनी लाटणे त्यांच्या हातातून काढून घेतले.